खिचडीच्या खोलीतलं बाळ

शाळाशाळांतून फिरून शिक्षकांना शिकवण्यात मदत करायची, ही माझी नोकरी. पण फाटकात माझी स्कूटी दिसली रे दिसली की आत कुजबूज, "आल्या, मॅडम आल्या!" सगळे खुर्ची सोडून उभे. मी काय वाघीण आहे का? लई राग यायचा मला.

लासूर स्टेशनच्या पुढं एका वस्तीवरच्या शाळेत एक तरुण बाई होत्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मागं पोरांत मांडी घालून बसले. बाई भागाकार शिकवत होत्या, पण लक्ष सगळं खिडकीबाहेर. तेवढ्यात खिचडीच्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाईंनी आवाज चढवला. बाळानंही चढवला. शेवटी एक पोरगी न राहवून म्हणाली, "बाई, तुमचं बाळ उठलं की!"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम, सासूबाई आजारी आहेत. घरी सांभाळायला कुणी नाय. वर नका कळवू."

मीही नोकरी करतच लेक वाढवलीय. "अगं, मी काय पोलीस आहे? तू शिकव," म्हणत उठले, खिचडीवाल्या मावशींच्या कडेवरून ते लालबुंद गाठोडं घेतलं आणि परत मागं येऊन बसले. त्यानं पहिला माझा चष्मा ओढला. वर्ग खदाखदा हसला, बाईसुद्धा.

त्या दिवशी शिकवण्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पुढं जाईन तेव्हा बाळ माझ्या मांडीवर. बाई बोलायला लागल्या. घरचं, गावचं, पोरांचं. पण शिकवण्याचा विषय निघाला की, "चाललंय की मॅडम." मनात यायचं, हिला मी हवीय, की फुकटची आया? खरं सांगते, वाईट वाटायचं.

मग एका सकाळी बाईंचा फोन. "मॅडम, आज येता का?"

"येते की. बाळ त्रास देतंय का गं?"

"नाय, बाळ घरीच आहे. सासूबाई आता बऱ्या आहेत. भागाकारात बाकी उरली की पोरं अडतात, अन् मला समजावता येत नाय. तुम्ही मागं बसा ना. मी कुठं चुकते ते सांगा."

लगेच निघाले. वाटेतलं पडेगाव मागं पडलं तरी मला रस्ता नीट दिसत नव्हता. शेवटी स्कूटी कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि डोळे पुसले.