हिवाळ्यात चालणारं मैदान

हॉर्न वाजला आणि धुक्यातून सगळीकडून चेंडू मारल्याचे आवाज येऊ लागले. जवळून टक्. मग लांबून टक्. आणि माझा नवरा त्याच धुक्यात, मैदानाच्या मध्यावर कुठंतरी, वड्यांची गाडी घेऊन होता.

गोल्फचा चेंडू लिंबाएवढा असतो, पण हाताला दगडच. डोक्यात बसला तर माणूस जागेवर जातो.

मी क्लबहाऊसच्या पायरीवर उभी होते. तिथून मला समोरची कुंडीसुद्धा दिसत नव्हती. माझ्या शेजारी सामंत होते, ज्या कंपनीचा कार्यक्रम होता तिचे मॅनेजर. त्यांच्या पलीकडे फर्नांडिस. तो क्लबचा स्टार्टर, म्हणजे हॉर्न वाजवून खेळ सुरू करून देणारा माणूस.

"फर्नांडिस, हॉर्न का दिलास? धुकं दिसत नाही?" सामंत ओरडले.

फर्नांडिसनं हातातला हॉर्न वर करून दाखवला. "सर, मेरा तो हाथ में है. मैंने नहीं बजाया."

"मग कुणी वाजवला?"

तेवढ्यात धुक्यातून परत आवाज आला. पों-पों.

आता मी ओळखला. तसा हॉर्न वाजवणारा माणूस माझ्या घरातच राहतो.

"तात्या आहेत," मी म्हटलं. सगळे त्यांना तात्या म्हणतात म्हणून इथंही तेच लिहिते. तोंडानं मी 'अहो' म्हणते.

हे मैदान आम्ही कसं निवडलं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दुबईजवळ अजमानमध्ये आमचं किचन होतं. ऑफिसांना जेवण पाठवायचं आणि हिवाळ्यात गोल्फ डे करायचे. गोल्फ डे म्हणजे कंपनी आपल्या गिऱ्हाइकांना आणि बँकवाल्यांना खेळायला बोलावते आणि खाऊ घालते. तिकडे उन्हाळ्यात बाहेर उभं राहवत नाही, म्हणून हे सगळं हिवाळ्यात. मी गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. पण त्या देशातल्या बहुतेक क्लबांचे ओटे मी पुसलेले आहेत.

२००८ च्या शेवटी मंदी आली. काय झालं ते तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं आणि मलाही अजून येत नाही. सकाळी एका ऑफिसचा फोन यायचा, "काकू, उद्यापासून लंच नको, ऑफिस खलास." दुपारी दुसरा फोन, की आमचं काही ऐकलं असेल तर खोटं आहे, डबे चालू ठेवा. दोन दिवसांनी तेही ऑफिस बंद. विचारलं तर सगळे एकच बोलायचे, इन्शाल्ला.

सामंतांची कंपनी इमारती बांधायची. ती अजून उभी होती. सामंत किचनमध्ये आले आणि तांदळाच्या पोत्यावरच बसले.

"काकू, गोल्फ डे करायचाच आहे. या वर्षी नाही केला तर बँकवाले म्हणतील, हे पण गेले. तुम्ही सगळे क्लब बघितलेत. जानेवारीत नक्की चालू असेल असं मैदान सांगा."

"चालू म्हणजे काय? क्लब चालू, गवत चालू, की मालक चालू?"

"तिन्ही."

तिन्ही कुठंच नव्हतं. पहिलं मैदान दुबईच्या बाहेर. आदल्या वर्षी तिथलं गवत गालिच्यासारखं होतं. आता गेलो तर पिवळं. तिकडचं नेहमीचं गवत उन्हाळ्याचं असतं. थंडी पडली की ते झोपतं. म्हणून थंडीच्या आधी मैदान काही दिवस बंद ठेवून वरून दुसरं, हिवाळी गवत पेरतात. त्या वर्षी कित्येकांनी पेरलंच नाही. तिथला मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, धिस इज नॅचरल लुक." आजूबाजूच्या बंगल्यांना खिडक्या नव्हत्या. तोही बहुतेक नॅचरल लुक असेल.

दुसरं मैदान फुजैराच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. ते वाळूचं. गवताचं एक पातं नाही. खेळणारा सतरंजीचा हातभर तुकडा बरोबर नेतो, त्याच्यावर चेंडू ठेवून मारतो, तुकडा उचलतो आणि पुढं चालतो. बंदरावर काम करणारे लोक तिथं वर्षानुवर्षं खेळत होते.

"हे घ्या," मी सामंतांना म्हटलं. "वाळूला पाणी लागत नाही, बी लागत नाही. हे बंद पडायचं नाही."

"काकू, बँकेच्या माणसाच्या हातात सतरंजी देऊ? लोक म्हणतील कंपनी सतरंजीवर आली."

"मंदीत सतरंजी बरी."

"नाही, नाही. हिरवं पाहिजे. माणसाला हिरवं दिसलं की तो निवांत होतो."

तिसरं मैदान खलिफा सिटीच्या पलीकडे. तिथं हिवाळी गवत पेरलेलं होतं आणि पाणी तर असं मारत होते की चपला आत रुतत. सामंत एकदम खूश. "हे बघा. याला म्हणतात विंटर-प्रूफ."

तात्यांनी वाकून गवताला हात लावला. "फार ओलं आहे हो."

"ओलं म्हणजे जिवंत, तात्या."

झालं, ठरलं. आम्ही गवत बघायला गेलो होतो, गवत बघून आलो. दुपारची वेळ, ऊन पडलेलं. तिकडच्या हिवाळ्यात पहाटे धुकं पडतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या धुक्यातूनच तर आमचे डबे जायचे. पण मैदान बघताना ते एकाच्याही डोक्यात आलं नाही. कंपनी राहते की जाते, याच्यापुढं कुणाला धुकं आठवतंय?

आता हॉर्नचं. मैदानावर फिरायला बॅटरीवर चालणारी छोटी गाडी असते, तिला बग्गी म्हणतात. मैदानाच्या मध्यावर एक झोपडी असते. खेळणारे तिथं थांबून चहा घेतात. तिथं वडे पोचवायचं काम तात्यांकडे. तात्यांनी बग्गी बघितली आणि पहिला प्रश्न केला, "हॉर्न कुठाय?"

हॉर्न नव्हता. तात्यांनी उमेदीत कसारा घाटात टेम्पो चालवलेला. घाटात धुकं असलं की वळणावर हॉर्न द्यायचाच, नाहीतर समोरचा अंगावर येतो. बिनहॉर्नाची गाडी त्यांच्या लेखी गाडीच नाही. त्यांनी बोटींचं सामान मिळतं त्या दुकानातून एक हॉर्न आणला. गॅसचा डबा आणि वर कर्णा. पंचवीस दिरहम.

"म्हणजे तीनशेच्या वर रुपये झाले! नुसतं पों करायला?" मी म्हटलं.

"जीव वाचतो," तात्या म्हणाले.

फर्नांडिसचा हॉर्नही तसलाच होता. बहुतेक त्याच दुकानातला.

त्या दिवशी शॉटगन स्टार्ट होता. नाव भयंकर आहे, पण त्यात बंदूक नसते. चार-चार माणसांच्या टोळ्या वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या करतात आणि एका हॉर्नवर सगळे एकदम खेळायला लागतात. म्हणजे सगळे एकदम संपवतात आणि एकदम जेवायला येतात. म्हणून वडे हॉर्नच्या आधी झोपडीत पाहिजेत. पाहुणे आपापल्या जागी गेले तेव्हा धुकं पातळ होतं. तात्या निघाले तेव्हाही झाडं दिसत होती. मग ते असं दाट झालं की फर्नांडिस म्हणाला, "अभी कोई नहीं खेलेगा." आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो.

तिकडं तात्यांना रस्ता दिसेना. वळण आलं असं वाटलं. त्यांनी हॉर्न दिला.

"काकू, फोन लावा त्यांना!" सामंत म्हणाले.

लावला. तात्यांचा मोबाईल आमच्या व्हॅनमध्ये चार्जिंगला होता. मागून त्याची रिंग ऐकू आली.

परत हॉर्न, या वेळी तीनदा. पों-पों-पों. आणि चेंडूंचे आवाज थांबले.

"थांबले बघा!" सामंत म्हणाले.

फर्नांडिसनं मान हलवली. "तीन बार मतलब स्टॉप, सर. रूल है."

मग पों-पों.

फर्नांडिसचा चेहरा पडला. "दो बार मतलब फिर से चालू."

टक्. टक्. टक्.

असं तीन-चारदा झालं. तात्या घाटातल्यासारखं वाजवत होते, वळणाला तीन, सरळ रस्त्याला दोन, आणि ती शिकलेली माणसं नियम पाळत होती. थांबा म्हटलं की थांबत होती, मारा म्हटलं की मारत होती. आणि चेंडू आजूबाजूला पडायला लागले की तात्या आणखी जोरात वाजवणार, हे मला माहीत होतं.

"बंद कैसे करते हैं?" मी फर्नांडिसला विचारलं.

"एक लंबा हॉर्न. मतलब डेंजर, सब छोड़ के वापस आओ."

"मग दे ना!"

सामंत मध्ये आले. "थांबा, काकू, थांबा. लांब हॉर्न म्हणजे डे कॅन्सल. आलेले बँकवाले निघून जातील. आत्ता धुकं जाईल. दोन मिनिटं."

"तिथं तात्या आहेत."

"मला कळतंय हो, पण माझ्याकडे किती माणसं आहेत, त्यांचं काय..."

ते खोटं बोलत नव्हते. त्या कंपनीवर आमचंही किचन चालत होतं. ती गेली असती तर लायसन्स गेलं असतं, व्हिसे गेले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी फर्नांडिसच्या हातातून हॉर्न घेतला आणि दाबून धरला. डब्यातला गॅस संपेपर्यंत सोडला नाही.

मग बक्षीस वाटायला ठेवलेला माईक होता, तो घेतला. "अहो! हॉर्न खाली ठेवा आणि आहात तिथं बसा. अहो, ऐकलंत का?"

मैदान शांत झालं. तात्याही शांत झाले. ते मला आवडलं नाही. तोपर्यंत निदान हॉर्न तरी येत होता.

पाहुणे एकेक करून धुक्यातून पायरीवर आले. मी प्रत्येकाला विचारलं, बग्गी दिसली का? कुणाला दिसली नव्हती. एका बँकवाल्याला मी म्हटलं, "इतक्या धुंद में मारा क्यों?" तो म्हणाला, "आंटी, हमें लगा फॉग सिर्फ हमारे यहाँ है. बाकी सब जगह साफ़ होगा, तभी तो हॉर्न बजाया." नंतर ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं.

ऊन वर आलं तेव्हा धुकं जमिनीवरून उठलं. मी आणि फर्नांडिस बग्गी घेऊन निघालो. मैदानात मुद्दाम वाळूचे खड्डे केलेले असतात, त्यातल्या एकात बग्गी तोंडावर पडली होती. तिच्या आडोशाला तात्या उकिडवे बसले होते, डोक्यावर वड्यांचं मोठं पातेलं पालथं घालून.

"लागलं?" मी विचारलं.

"पातेल्याला लागलं."

पातेल्याला वरच्या बाजूला चांगला पोचा आला होता. त्याच्या खाली तात्यांची टाळू होती.

"ओ का नाही दिलीत?"

"पातेल्यात काय ऐकू येणार? लांब हॉर्न तेवढा ऐकला. मला वाटलं मोठी गाडी येतेय."

"वडे?"

"वाळूत."

फर्नांडिस हसायला लागला, मग पोच्यावरून हात फिरवत राहिला.

डे कॅन्सल झाला. बँकवाले न जेवता गेले. सामंत माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. जाताना तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. उन्हाळ्याच्या आत त्यांची कंपनी बंद पडली. कोणी म्हणालं त्या दिवसामुळे, कोणी म्हणालं ती आधीच गेलेली होती. सामंत पुण्याला परत गेले. जाण्याआधी किचनमध्ये आले होते. मी विचारलं, "मी हॉर्न दाबला नसता तर?" ते म्हणाले, "काकू, मला खरंच माहीत नाही." मलाही नाही. आमचं किचन वर्षभर कसंबसं ओढलं, मग आम्हीही बंद केलं.

ते हिरवं मैदानही पुढं पाण्यावाचून गेलं. वाळूचं चालूच होतं. शेवटचा गोल्फ डे आम्ही तिथं केला, बंदरावरच्या लोकांचा. धुकं तिथंही पडलं, पण ती माणसं सतरंज्या काखेत धरून गप्प बसून राहिली. त्यांना कुणाला काही दाखवायचं नव्हतं.

कुणी मला हिवाळ्यासाठी मैदान विचारलं तर सांगते, गवत बघू नका, पहाटे जा आणि चेंडू घालायच्या भोकात रोवलेला लांबचा झेंडा दिसतो का बघा. आणि वडे नेणाऱ्याजवळ हॉर्न देऊ नका.

कंपनी त्यातून वाचली नाही, किचनही नाही. तात्या वाचले.