आमच्या घरी राहिलेला चौदा नंबर

"तुम्ही इंडियन, आणि हा मुलगा फिजीचा. त्याला हिंदी येतं. म्हणून पहिलं तुमचंच घर डोळ्यांसमोर आलं," असं माझ्या मुलीच्या कॉलेजातले रग्बीचे सर मला फोनवर म्हणाले. न्यूझीलंडमध्ये कॉलेज म्हणजे हायस्कूलच. मुलगी तेव्हा नुकतीच तिथे जायला लागली होती. आम्ही वेलिंग्टनला जॉन्सनव्हिलमध्ये राहायचो, घरात मागची एक खोली रिकामी होती, आणि सरांना फिजीहून संघासाठी आणलेल्या सोळा वर्षांच्या मुलाकरता घर हवं होतं.

"आपल्याला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही," नवरा म्हणाला.

"जेवायला घालायचंय. खेळायचं नाहीये," मी म्हटलं.

माझे वडील औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकले. त्यांना तिथे जागा मिळाली नसती तर मी इथे कौन्सिलच्या ऑफिसात पाण्याच्या पाइपांची डिझाइनं करत बसले नसते. कुणाच्या तरी शिक्षणासाठी खोली द्यायची म्हटल्यावर मला फार विचार करावा लागला नाही. तो शिकायला येतोय, असंच मी धरून चालले होते.

२०१४च्या फेब्रुवारीत आम्ही त्याला विमानतळावर आणायला गेलो. पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, अंगात पातळ शर्ट, आणि खांदे असे की नवऱ्यानं पुढची सीट आपणहून त्याला दिली. इथला उन्हाळासुद्धा त्याला बोचत होता. गाडीत तो हळूच म्हणाला, "आंटी, हमके ठंडा लगे." त्याचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. शेजारी सगळे हिंदुस्थानातून करारावर मजुरीला नेलेल्या गिरमिटियांचे वंशज, त्यांच्या पोरांबरोबर खेळता खेळता तो ही हिंदी शिकला होता. आमच्या शाळेतल्या हिंदीत आणि त्याच्या हिंदीत बरंच अंतर होतं, पण जेवणाच्या टेबलावर तेवढी पुरायची.

जेवायच्या आधी तो डोळे मिटून येशूची प्रार्थना म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीकडे पाहून विचारलं, "इनके सामने चलेगा?" नवरा म्हणाला, "त्यांची काही हरकत नसते." मग रोज त्याची प्रार्थना संपेपर्यंत आम्हीही हात मांडीवर ठेवून थांबायला लागलो. भात तो परातीनं खायचा. माझी मुलगी, जी जन्मापासून मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची, ती त्याला कळू नये म्हणून माझ्याकडे त्याच्या चहाड्या मराठीत करायला लागली. "आई, ह्याने सगळं श्रीखंड संपवलं!" इतकं सलग मराठी वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

रग्बीला तिथली जुनी माणसं नुसतं 'फुटबॉल' म्हणतात, आणि त्या कॉलेजात तो देवळासारखा होता. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी जर्सी देण्याचा कार्यक्रम असायचा. मुख्य हॉलच्या भिंतीवर युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं कोरलेली, त्यांच्याखाली पहिल्या संघाची पंधरा मुलं कॉलेजचा ब्लेझर घालून ओळीत उभी. ज्या नंबरची जर्सी, तो नंबर पूर्वी घातलेला एखादा माजी खेळाडू ती आईवडिलांच्या हाती देतो आणि आईवडील मुलाला. आमच्या मुलाला चौदा नंबर, म्हणजे उजव्या कडेनं पळणारा विंगर. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले, जर्सी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "मी घातली तेव्हा ती लोकरीची होती. भिजली की दगडासारखी जड व्हायची." मी साडी नेसून गेले होते. जर्सी देताना मुलगा इतका खाली वाकला की मला वाटलं पाया पडतोय. नंतर त्यानं आईला व्हिडिओ कॉल करून जर्सी दाखवली. चित्र सारखं अडकत होतं, पण पलीकडून ती रडत रडत गात होती, ते नीट ऐकू येत होतं.

मग दर शनिवारी आम्ही मैदानावर. वारा असा की छत्री म्हणजे थट्टाच. संघातल्या पोरांच्या आया संत्र्यांच्या फोडी करून आणायच्या, एकीकडे सॉसेजेस भाजली जायची. सामना सुरू होण्याआधी सगळं कॉलेज उतारावर उभं राहून स्वतःचा हाका, म्हणजे माओरींचा आव्हानाचा नाच, करायचं. शेकडो पोरापोरींनी एकदम मांड्यांवर हात आपटले, तेव्हा माझ्या छातीत खरोखर धडधडलं. त्यात माझी मुलगी होती, डोळे वटारून, जमिनीवर पाय आपटत. आणि मग आमचा मुलगा पळायचा. त्याला चेंडू मिळाला की काठावरचे लोक आधी गप्प व्हायचे आणि मग एकदम ओरडायचे.

आम्हाला त्या भागात राहून बरीच वर्षं झाली होती, पण कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा दुकानात, लोक थांबून बोलायला लागले ते त्या हिवाळ्यापासून. "किया ओरा! काय पळाला हो तुमचा मुलगा!" नवरा, ज्याला ओ की ठो कळत नव्हतं, तो आता ऑफसाइडवरून पंचाशी मनातल्या मनात भांडायचा.

खटकायला लागलं ते दुसऱ्या वर्षी. पालकसभेत गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "तो हुशार आहे, पण माझ्या तासाला असतोच कुठे? जिमला पाठवतात." घरी तो पुस्तक उघडायचा आणि बसल्या जागी झोपायचा. मी सरांना विचारलं. ते दिलखुलास हसले. "काळजी करू नका, सगळं जमून जाईल. पुढे व्यावसायिक संघांची माणसं बघायला येणार आहेत त्याला." मी त्याच्याबरोबर इंग्रजीचा निबंध घेऊन बसायला लागले. तो वैतागायचा नाही, पण कुतूहलानं माझ्याकडे बघायचा. आपल्याला इथे कशासाठी आणलंय, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

जूनमध्ये जुन्या प्रतिस्पर्धी कॉलेजाशी सामना होता. पावसानं मैदानाचा राडा झाला होता. तो कडेनं सुटला, समोरच्यानं खालून धरला, आणि त्याचा पाय चिखलात रुतलेला असतानाच अंग दुसरीकडे वळलं. मी कडेलाच होते. संत्र्यांचा डबा टाकून मी आत धावले, कुणीतरी मला दंडाला धरून अडवलं. तो गवत मुठीत धरून म्हणत होता, "हम नई उठे सको, आंटी. हम नई उठे सको." स्ट्रेचरवरून नेताना दोन्हीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तशी रीत आहे. मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत. रुग्णवाहिकेचं दार लागायच्या आत मागे शिट्टी वाजली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात सगळा संघ पिझ्झे घेऊन आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. नंतर दोघंतिघं आली. नंतर कुणी आलं नाही. काही शनिवार तो ब्लेझर घालून, कुबड्या घेऊन मैदानावर गेला. चौदा नंबर दुसऱ्याच मुलाच्या अंगावर होता. मग एका शनिवारी तो म्हणाला पोटात दुखतंय, आणि त्यानंतर आम्ही त्याला विचारलंच नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा सरांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"आमचा फार जीव आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षासाठी त्याची जागा चालू ठेवता येणार नाही. फीची सवलत संघासाठी असते."

"त्याचं शेवटचं वर्ष राहिलंय," मी म्हटलं. "ते पूर्ण झालं नाही तर त्याच्या हातात काय?"

"इथवर पास झालेल्या विषयांचे क्रेडिट्स आहेतच की."

"गणिताचे नाहीत. गणिताच्या तासाला तुम्ही त्याला जिमला नेत होतात."

नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या हातावर हात ठेवला. मुलगी अजून त्याच कॉलेजात होती, त्याचं बरोबर होतं. पण माझा आवाज चढला होता. "तुम्ही त्याला संघासाठी आणलं असेल. त्याच्या आईनं त्याला शाळेत पाठवलंय. तिला काय सांगू मी?"

सरांचा चेहरा पडला. ते वाईट मनुष्य नव्हते. स्ट्रेचरबरोबर रुग्णवाहिकेपर्यंत पळत आले होते. "हे मी एकटा ठरवत नाही," ते हळू म्हणाले. परीक्षा होईपर्यंत त्याला राहू देऊ आणि गणिताची शिकवणी लावून देऊ, एवढं त्यांनी कबूल केलं, आणि तो शब्द पाळला. त्यापुढे काही हललं नाही. व्हिसा कॉलेजच्या नावावर होता. आम्ही दुसऱ्या शाळांतही विचारून पाहिलं. फीचे आकडे ऐकून नवऱ्यानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला.

त्याला मीच सांगितलं, स्वयंपाकघरात. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो हम घरे जाएगा?" मी हो म्हटलं. तो उठला आणि सिंकमधली भांडी घासायला लागला. माझ्या मुलीनं दाराआडून ऐकलं होतं. ती त्या दिवशी मला इंग्रजीत बोलली, "यू शुड हॅव शाउटेड लाउडर." पुढची दोन वर्षं ती हाकाला उभी राहिली नाही. वर्गाच्या बाईंनी विचारलं तर म्हणायची, घसा बसलाय.

डिसेंबरात विमानतळावर आम्ही तिघं आणि गणिताच्या बाई, एवढेच होतो. बाईंनी त्याला एक कॅल्क्युलेटर दिला. गणितात तो पास झाला होता.

दोन वर्षांनी आम्ही फिजीला गेलो. तो एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचं सामान बग्गीतून खोल्यांपर्यंत पोचवायचं काम करत होता. जाडावला होता, जिना उतरताना गुडघा धरायचा. सुट्टी काढून त्यानं आम्हाला गावी नेलं. त्याच्या आईनं मला मिठी मारली ती सोडेचना. नारळाच्या दुधात शिजवलेली मासळी, कसावा, सगळं चटईवर मांडलेलं. जेवताना ती मला हिंदीत म्हणाली, "हमार लड़का आप लोगन के शरमिंदा करिस." आपल्या पोरानं मेहनत केली नाही, म्हणून शाळेनं त्याला काढलं, असं तिनं धरलं होतं. त्यानं तिला खरं काय ते सांगितलंच नव्हतं.

मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला समजावलं, की त्यानं खूप मेहनत केली, चूक त्याची नव्हती, पाय मोडला म्हणून त्यांनी त्याला ठेवलं नाही. ती मान हलवत राहिली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. एवढी मोठी शाळा असं कशाला करेल, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. तो मात्र ताटाकडे बघत होता.

जेवण झाल्यावर त्यानं मला घराबाहेर नेलं. उसाच्या शेतामधल्या कच्च्या रस्त्यावर त्याचा धाकटा भाऊ, तेरा वर्षांचा, अनवाणी पळत होता. हा रोज संध्याकाळी हातात घड्याळ घेऊन त्याला पळवायचा.

"ई हमसे तेज है, आंटी," तो म्हणाला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता. "सर के पूछना?"

मी म्हटलं, "तुझं काय झालं ते विसरलास?"

"हमार तो गोड़ टूट गया," तो गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला. "इसका नहीं टूटेगा."

मी नाही म्हटलं. शिकायला आणायचा असेल तर माझं घर त्याचंच आहे, पण सरांना मी फोन करणार नाही. त्यानं भावाला हाक मारून पुन्हा पळायला लावलं. आम्ही निघालो तेव्हा निरोपाला तो होता, हसलाही, पण आधीसारखं नाही.

माझ्या नाही म्हणण्यानं काही अडलं नाही. शेवटी ऑकलंडच्या एका कॉलेजाचा माणूस गावात येऊन धाकट्याला बघून गेला. २०१९मध्ये थोरल्यानं मेसेज केला, भाऊ न्यूझीलंडला आलाय, जमलं तर त्याला भेटा. आम्ही जुलैच्या सुट्टीत ऑकलंडला गेलो, सँड्रिंगहॅमच्या भारतीय दुकानातून मिठाई घेतली आणि थेट मैदानावर गेलो. तो कडेनं पळत होता, खरंच भावापेक्षा वेगानं. काठावर एक गोरी बाई त्याचं जाकीट छातीशी धरून उभी होती. तिच्याच घरी तो राहत होता.

मी तिच्याजवळ जाऊन ओळख सांगितली, त्याच्या भावाचं सांगितलं. "त्याच्या तासांवर लक्ष ठेवा," मी म्हटलं. "जिमला नेलं तर विचारा. त्याचा खेळ थांबला तरी शाळा पूर्ण करू द्याल का, हे त्यांना आत्ताच विचारा. सगळे खूश आहेत तोवर."

ती सभ्यपणे ऐकत होती. "थँक्यू," ती म्हणाली, "पण इथले लोक फार चांगले आहेत." तेवढ्यात लोक गप्प झाले. धाकट्याला चेंडू मिळाला होता. ती जाकीट हवेत फिरवत कडेनं त्याच्याबरोबर पळाली. रेषेजवळ दोघांनी त्याला खाली पाडलं. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला, आणि तो नीट उठून उभा राहीपर्यंत आम्ही दोघींनी टाळी वाजवली नाही.