काय बदललं ते सांगा

म्हैसूरच्या एका इस्पितळात मी सर्व्हर सांभाळतो. त्या दुपारी सर्व्हर रूममध्ये एसी दुरुस्त करायला एक पन्नाशीचा माणूस आला होता. काढलेला प्रत्येक स्क्रू तो रुमालावर क्रमाने मांडत होता. मी फोनवर पुण्याच्या सहकाऱ्याला सांगत होतो, "स्टोरेज दिसतच नाहीये. सगळ्या पेशंटचे स्कॅन त्यात आहेत. स्टोरेजची पेटीच गेली असणार, रीसेट मारतो."

"सार, स्वल्प थांबा," तो स्टुलावरूनच म्हणाला. मी चमकलो; त्याला मराठी येत होतं. "आमच्या घरी पण मराठीच की, म्हैसूरच्या राजाच्या फौजेतले आम्ही. काय बिघडलं ते नको, काय बदललं ते सांगा. काल चालत होतं, अल्वा?"

"काही बदललं नाही!" मी वैतागलो आणि तिथेच अडखळलो. सकाळी मीच सर्व्हरमध्ये एक जास्तीचं नेटवर्क कार्ड बसवलं होतं. त्यामुळे सर्व्हरवरच्या लिनक्स प्रणालीने जुन्या कार्डाचं नाव बदललं होतं, आणि स्टोरेजचा रस्ता अजून जुन्याच नावाने लिहिलेला होता. एक ओळ सुधारली, सगळे स्कॅन परत आले. पेटी धडधाकट होती. रीसेट मारलं असतं तर मीच ती कोरी केली असती.

आभार मानले, तर तो शेवटचा स्क्रू आवळत म्हणाला, "गार वारा येतोय का बघा, सार."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण अजूनही काही बंद पडलं, की कीबोर्डला हात लावायच्या आधी मी खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरतो आणि काय काय बदललं ते मनात क्रमाने मांडतो.