टाकीच्या झाकणाचं भोक

जीप पुन्हा बंद पडली तेव्हा तोंडाशी आलेली शिवी मी गिळली. कारण शेजारी नवरीचा बाप बसला होता.

पोलादपूरहून कुडपणला चढणारा रस्ता, शनिवारची दुपार, मे महिना. बॉनेटवर भाकरी भाजली असती. वर गावात मांडव पडला होता, हळद चालू होती. लग्न दुसऱ्या दिवशी, नवऱ्याच्या दारात, महाडजवळच्या नाते गावी. नवरी जाणार होती ती याच जीपमधून.

जीप सखारामकाकांची. काका आयुष्यभर मुंबईत ड्रायव्हर होते. गावी परतताना ही जुनी पेट्रोल जीप घेऊन आले. तेव्हापासून वाडीतली प्रत्येक लेक सासरी गेली ती हिच्यातून, चालवायला काका. आणि तिथली रीत अशी, की नवरीची गाडी शीव ओलांडेपर्यंत थांबता कामा नये. थांबली तर अपशकुन. मग पुढे पोरीच्या संसारात खुट्ट झालं तरी लोक त्या गाडीचं नाव काढतात.

यंदा नवरी काकांचीच लेक होती. सारिका, एकुलती एक.

तिचा फोन आला. "बाबा, नाय जमत तर ऱ्हाऊ दे. मी दुसरी गाडी सांगते."

"अख्ख्या वाडीच्या पोरी नेल्या मी, आणि माझी पोर भाड्याच्या गाडीतनं जाणार? ठेव फोन."

ही सारिका मुंबईत नर्स आहे, लायसन्सवाली. गाडी काकांनीच शिकवली, पण गावच्या पठारावर. घाटात स्टिअरिंग तिच्या हातात कधी दिलं नाही. जीव थोडा थोडा व्हायचा त्यांचा.

महाडला हायवेलगत माझं गॅरेज आहे. सकाळपासून मी काय केलं नव्हतं? प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळण्याचं भांडं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटायला आला होता, तोही नवा टाकला. गॅरेजमध्ये गाडी चालू करून ठेवली, हूं नाही की चूं नाही. आणि इथे चढाला लागली की थोडं अंतर जाऊन मान टाकायची. जरा वेळ उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. असला रोग मिस्त्रीचा वैरी. तपासायला जावं तर रोगी ठणठणीत!

मला उन्हाचा संशय आला. फार तापलं की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे ओलं फडकं. काकांचा पंचा भिजवून पंपाला गुंडाळला आणि निघालो. दोन वळणं गेलो असू, पुन्हा तेच.

"मिस्त्री, इंजिन गेलं काय वो?" काकांनी विचारलं.

"इंजिनाला काय धाड भरलीय! तुमच्याआमच्यापेक्षा धडधाकट आहे ते."

"पेट्रोल तरी हाय का बघतो," म्हणत ते उतरले. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं आणि सुस्स असा लांब आवाज आला. टाकीने श्वास घेतला होता.

मी बॉनेटखालून ताडकन उठलो. डोकं आपटलं. "काका, ते झाकण इकडे आणा!"

झाकण लालभडक, चकचकीत. मी ते पहिल्यांदाच नीट बघत होतो. लग्नाची गाडी म्हणून काकांनी सकाळीच ते काढून रंगवायला घेतलं होतं. गॅरेजमध्ये टाकीच्या तोंडात माझं फडकं होतं. म्हणून तर तिथे दुखणं दिसलं नाही.

जुन्या गाडीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. टाकीतून पेट्रोल जाईल तशी आत हवा यावी म्हणून. हवा आली नाही तर पंप नुसता ओढत राहतो. मऊ प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून न सोडता पाणी ओढा, बाटली चपटी होते आणि पाणी येईनासं होतं. तसंच हे. गाडी उभी राहिली की कुठूनतरी थोडी हवा झिरपते, म्हणून ती पुन्हा चालू व्हायची.

भोक एम-सीलने सुबक बुजवलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच, चार दिसांमागं. गेल्या पावसात पाणी गेलं टाकीत. म्हटलं, भोक उघडं ठेवाच कशाला?"

अरे देवा! आमचा कोकणातला माणूस. पावसाळा जवळ आला की कौलं चाळा, पडवीला झावळ्यांच्या झडी बांधा, फटीत बोळे कोंबा. भोक दिसलं की याचे हात शिवशिवलेच. "धन्य आहात काका," मी म्हटलं. "पोरीच्या लग्नाला गाडी नटवलीत आणि तिचाच गळा दाबलात!"

काका हसले नाहीत. झाकण हातात फिरवत राहिले. "राखायलाच गेलो वो मी," म्हणाले.

मला वाईट वाटलं. उगाच बोललो. एम-सील कोरून काढलं, झाकण लावलं, आणि जीप थेट मांडवाच्या दारात जाऊन थांबली.

रविवारी काकांच्या हट्टाने मी हत्यारांची पेटी घेऊन बाइकवर मागे होतो. नारळ फुटला, जीप निघाली. गावाबाहेरचा चढ चढली, खिंडीतली शीव ओलांडली. "गेली रे गेली!" कुणीतरी ओरडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि जीप थांबली.

पेटी घेऊन धावलो. इंजिन तर मस्त चालू होतं. काका स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होते. "इतक्या पोरी पोचवल्या मिस्त्री, कधी डोळ्यात पाणी नाय आलं. आज रस्ताच दिसत नाय."

सारिका उतरली. शालूचा पदर कमरेला खोचला. "बाबा, तिकडं सरका."

"नको गो, पुढं घाट हाय..."

"तुम्हाला दिसत नाय, मला दिसतोय. सरका."

हे काही ऐकत नाहीत, असं मला वाटलं. काकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग सरकले. हिरव्या चुड्याचा हात गिअरवर पडला. "दुसऱ्यात टाक गो, दुसऱ्यात," काका रडता रडता सांगत होते. तिने आधीच टाकला होता.

नाते गावापर्यंत मी मागोमाग गेलो. पेटी उघडावी लागली नाही. तेव्हापासून जुनी गाडी आली की मी आधी टाकीचं झाकण बघतो, इंजिन मागाहून.