भाजलेली बांधी

वच्छलाबाई पत्रूच्या पानठेल्यासमोरून गेली की रेडिओ खरखरतो, हे अख्ख्या सावली गावाला ठाऊक होतं. "मुंबईच्या डाक्टरनं हाडात करंट भरला ना बाप्पा तिच्या!" पत्रू चुना लावता लावता सांगायचा. तसं काही नव्हतं. उपचाराची किरणं अंगातून निघून जातात, मुक्कामाला राहत नाहीत. खरखर माझ्या तोंडची होती, शेजारच्या पोराची, ठेल्यामागून काढलेली. मी कबूल करेपर्यंत बायांनी तिला बांधीत धानाच्या रोवणीला बोलावणं सोडलं होतं.

चौऱ्याऐंशी साली तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला सगळ्या अंगावर किरणं सोडून तिच्या हाडातला मगज जाळला, आणि भाऊ श्रीहरीच्या कमरेच्या हाडातून काढलेला मगज सलाइनसारखा तिच्या शिरेत सोडला. श्रीहरी आठवड्याभरात नांगराला लागला. ती चार महिन्यांनी परतली, बोडक्या डोक्यावर पदर घट्ट ओढून.

कॅन्सर गेला तो गेलाच. पण चौथ्या वर्षी हिरड्या रक्ताळू लागल्या, वयाच्या सव्विसाव्या वर्षीच डोळ्यात मोतीबिंदू उतरला, आणि कुठे आपटल्याशिवाय पायांवर निळे डाग उठू लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून समजावलं. तिला चित्राची गरज नव्हती.

"रोपं भावाचे, तगडे हायेत," ती म्हणाली. "बांधी माझी. भाजलेल्या बांधीत धान मूळ धरून नाई राह्यलं."

"तसंच काहीसं," डॉक्टर म्हणाले. "पेशी तिसऱ्यांदा घटल्या, तर परत मुंबई."

परत मुंबई म्हणजे परत श्रीहरीचा मगज, परत चार महिने, हे तिला कळलं. माय गुणाबाईला सांगायची छाती मात्र होईना. माय तर वरोऱ्याचं स्थळ पाहत होती.

तिसरा रिपोर्ट आणायला मी सोबत गेलो. बसस्टँडवर पाकीट तिच्या मांडीवर तसंच बंद. सकाळी अंघोळीला तिनं पोटरीवर नवे डाग पाहिले होते.

"उघड ना बाई."

"कमीच हाये."

"काऊन? वाढलं असन. लाव पैज!"

ती हसली. दातांच्या मुळाशी लाल रेघ दिसली. "हरला तर मायले तू सांगशीन?"

"सांगीन ना."

तिनं पाकीट मला दिलं. मी आकडा वाचला, मागच्या कागदाशी लावून पुन्हा वाचला. तिनं विचारलंही नाही.

गुणाबाई दारातच उभी. "काय म्हणते रिपोर्ट?"

"त्याले विचार," म्हणत वच्छलाबाई पाय धुवायला मागच्या अंगणात गेली.

पैज मी हरलो होतो.

"मावशी," मी म्हणालो, "बस जराशी."