ट्रकच्या डाव्या सीटवरचा आर्थर

नॉटिंगहॅमला लोक किल्ला बघायला जातात. मी गेले ते शेजारच्या बिलना घेऊन. बिल मूळचे ऑस्ट्रेलियन. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लष्कराचा ट्रक चालवायचे, पुढे इंग्लिश बायको केली आणि इकडचेच झाले. आता वय झालेलं, नजर अधू. २००६च्या ऑक्टोबरात माजी सैनिकांच्या मासिकातली एक जाहिरात त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. नॉटिंगहॅमच्या ईडिथबाईंना आपला भाऊ आर्थर कसा गेला हे जाणून घ्यायचं होतं.

“माझ्याच ट्रकमध्ये गेला,” बिल म्हणाले. “नेशील मला?”

ईडिथबाईंना कळवून शनिवारी निघालो. एम-फोर, ए-थर्टीफोर, एम-फोर्टी, शेवटी एम-वन. एम-वनवर रोडवर्क्स, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. वाटेतल्या थांब्यांवरचा, म्हणजे सर्व्हिसेसमधला, चहा महाग आणि पाणचट, तेव्हा थर्मास जवळ ठेवा. मी पोळीभाजीचे रोल नेले होते. बिलनी आपला नुसता हातात धरून ठेवला. शहराबाहेर पार्क अँड राइडला गाडी लावली आणि ट्रॅम पकडली.

ईडिथबाईंनी केक केला होता. तो कापायच्या आधीच त्यांनी विचारलं, “वेदना झाल्या नाहीत, असं आम्हाला कळवलं होतं. खरं आहे का?”

 “नाही,” बिल म्हणाले.

जाताना दारूगोळा न्यायचा, येताना जखमी आणायचे, हे त्यांचं काम. त्या दिवशी मागे जागाच उरली नव्हती, म्हणून मांडीत गोळी लागलेल्या आर्थरला त्यांनी पुढे, आपल्या शेजारी बसवलं. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक धक्क्याला तो ओरडायचा. थांब, म्हणायचा. वर शत्रूची विमानं घिरट्या घालत होती.

“मी थांबलो नाही,” बिल म्हणाले. “पुढे त्याचा आवाज बंद झाला. तरीही नाही थांबलो.”

ईडिथबाई उठून खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “मागे होते त्यांचं काय झालं?”

“दोघं सोडून सगळे वाचले.”

“तुम्ही आता निघा.”

केक तसाच राहिला. आम्ही ट्रॅमस्टॉपवर उभे राहिलो.  मी बिलचे हात हातात घेतले, त्यांनी घेऊ दिले. 

म्हाताऱ्या माणसाला उगाच ही फरपट घडवली, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. मग एका संध्याकाळी बिलनी मला घरी बोलावलं. ईडिथबाईंचा फोन येऊन गेला होता.

“काय म्हणाल्या?”

“आर्थरला तिथून समुद्र दिसत होता का, विचारत होती. लहानपणी त्याला समुद्राचं वेड होतं म्हणे.”

“मग?”

“म्हटलं, हो. डावीकडेच होता, त्याच्या खिडकीतून. निळाशार.” बिल माझ्याकडे वळले. “खोटं नाही ते. समुद्र होताच. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, तेवढं नाही सांगितलं.”