शूटिंग निघालं होतं

शिरूर कासारमध्ये मी हयातभर लग्नांची शूटिंगं केली. आता दुकान बंद आहे. लोक अजून म्हणतात की दसऱ्याच्या पूजेत माझी हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत एका ऊसतोड कुटुंबातल्या मुलीचं लग्न गेलं. ते खरं नाही.

पूजेचं खरं आहे. आमच्या धंद्यात दसऱ्याला कॅमेरे, लाइट, बॅटऱ्या पाटावर मांडतात. त्या वर्षी मी हार्ड डिस्कही मांडली, तिला हळदकुंकू लावलं आणि अगदी जवळ नारळ फोडला. पाणी केबल लावायच्या खाचेत गेलं. उपरण्याने पुसली आणि चालते का बघायला लगेच कॉम्प्युटरला जोडली. आत टकटक झाली आणि पडद्यावर ‘फॉरमॅट करू का’ म्हणून विचारणा आली. मी ती कपाटात टाकून दिली. बाकीच्यांची कामं देऊन झाली होती. त्या मुलीच्या लग्नाचं एडिटिंग तेवढं मागे पडलं होतं. घरचे म्हणाले होते, उसाहून आल्यावर नेऊ.

उसाहून मुलीची आई एकटी आली. तिचा नवरा उसाच्या फडात गाडी भरताना फळीवरून पडून वारला होता. ती दुकानाच्या पायरीवर बसली.

“मामा, फोटो हायेत त्यांचे आमच्याकडं. पण पोरगी म्हणती, बोलताना पाहिजेत. मांडवात माईक घेतलता न्हाई का त्यांनी? जलमात पहिल्यांदा. तेवढं द्या काढून.”

“डिस्क खराब झालीय, बाई.”

“मग नीट करून आणा की. पंगतीत जिलबी खाताना तर लई हुशारीत होता तुमी.”

मी डिस्क घेऊन संभाजीनगरला गेलो. दुरुस्तीवाल्याने ती खोलून बोट फिरवलं. “काका, हे चिकट काय आहे? हिला नैवेद्य दाखवला का?” मी हसण्यावारी नेलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला. फाइलींची नावं पुसली गेलीत, नुसते आकडे राहिलेत, पण सगळं निघालंय.

दुकानाचं शटर ओढून मी एकेक फाइल उघडत बसलो. हळद, नवरी, आणि मग पुढारी. आमच्याकडच्या लग्नात पुढारी येतात, त्यांना फेटे बांधतात, सत्कार होतात, आणि शूटिंगवाल्याने त्यातला एकही चेहरा सोडायचा नसतो. पुढची कामं त्यांच्याच शब्दावर मिळतात. मुलीचा बाप शालींचं ताट धरून उभा होता. ताट दिसतं, बोटं दिसतात, कधी फेट्याचा शेमला. चेहरा नाही. एकदाच तो माईक हातात घेतो आणि “मंडळी” म्हणतो. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गाडी वाजते आणि कॅमेरा तिकडे वळतो. वळवणारा हात माझा. गाडीतून उतरणाऱ्या साहेबांचे बूटसुद्धा स्वच्छ आलेत. मागे तो काहीतरी बोलतोय, ते फटाक्यांत बुडालं. कॅमेरा परत येतो तेव्हा माईक निवेदकाकडे गेलेला असतो.

मी तिला निरोप धाडला, काहीच निघालं नाही. नारळाची गोष्ट गावभर झाली. लोकांनी मलाच धीर दिला, आणि मी तो घेतला.

गेल्या महिन्यात पेन ड्राइव्ह घेऊन तिच्या घरी गेलो. खरं काय ते सांगितलं. तिने टीव्हीला लावायला लावलं आणि जमिनीवर बसून पाहत राहिली. “मंडळी” झालं, गाडी आली. पुन्हा दाखवा, असं ती म्हणाली नाही.

“आमी समजत होतो मशीननं खाल्लं,” ती म्हणाली. “तेच बरं होतं.”

तेवढ्यात सासरहून मुलीचा फोन आला.

“शूटिंगवाले मामा आलेत,” आई म्हणाली. मग पलीकडचं ऐकत राहिली. माझ्याकडे बघत म्हणाली, “न्हाई गं. न्हाई निघालं. मशीन खराबच हाय.”

फोन ठेवून तिने पेन ड्राइव्ह उपसला आणि माझ्या हातात दिला. मी उंबऱ्याबाहेर पडायच्या आत तिने दार लोटलं.

खोटं माझं होतं, आता ते तिला सांभाळावं लागतंय. मुलीला हे कधी कुणी वाचून दाखवलं, तर तिने आईला काही विचारू नये. मला विचारावं.